दार मोठं, शिपाई तोच

दोन हजारच्या दशकात ज्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून कॉम्प्युटर असेंबल करून आणला, त्यांना कोटेशनचा कागद आठवत असेल. दुकानदार लेटरहेडवर वरून खाली लिहीत यायचा: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट, आणि अगदी तळाशी, मोठ्या मनाने, ‘माउसपॅड फ्री’. तो कागद घेऊन शेजारच्या दुकानात जायचं, तिथून समोरच्या, आणि संध्याकाळी कागदांची चळत घेऊन घरी. रात्री जेवणं उरकल्यावर ते कागद सतरंजीवर पसरले जात. त्यांतलं घरात कुणालाच काही कळत नसे. पण आकडे सगळ्यांना कळत. एका कागदावर ८० आणि दुसऱ्यावर १२० असेल तर १२० चांगलं, हे आजीसुद्धा सांगू शकत होती. आणि सांगायचीच.

हार्ड डिस्कच्या ओळीत दोन आकडे असत. पहिला साठवणीचा, त्यात गाणी किती मावतील असा हिशेब करता येई. दुसरा गूढ होता. एटीए १००, एटीए १३३, पुढे साटा १५०, मग साटा ३००.

‘हे काय असतं?’

‘स्पीड, साहेब.’

‘म्हणजे तीनशेवाली दीडशेवालीच्या दुप्पट पळणार?’

यावर दुकानदार ‘हो’ म्हणत नसे. गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही हे त्याचं तत्त्व होतं. तो फक्त म्हणायचा, ‘आकडा बघा ना, साहेब.’ साहेब आकडा बघत आणि वरचे पैसे मोजत.

आकडा खरा होता. फक्त तो हार्ड डिस्कचा नव्हता. हार्ड डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वायरीचा होता. सेकंदाला ३०० एमबी इतका माल या वायरीतून जाऊ शकतो, एवढंच त्याचं म्हणणं. माल येणार किती, याबद्दल वायरीने कधीच शब्द दिलेला नव्हता.

त्याआधी रिबन केबलचा जमाना होता. राखाडी रंगाची चपटी पट्टी, ती दुमडून कॅबिनेटमध्ये कोंबताना बोटाला हमखास कापणार. एटीए ३३ चा आकडा ६६ वर नेताना त्या पट्टीतल्या तारा चाळीसच्या ऐंशी केल्या. पिना मात्र चाळीसच. वाढीव चाळीस तारा काहीच वाहून नेत नव्हत्या. बोलणाऱ्या दोन तारांच्या मध्ये गप्प बसून एकीची बडबड दुसरीच्या कानावर जाऊ न देणं, एवढंच त्यांचं काम. (सोसायटीच्या सभेत अशा माणसांची फार गरज असते, पण ती सभेला येत नाहीत.) मग १०० आला, आणि २००१ मध्ये मॅक्सटर कंपनीने १३३ आणला. तेव्हाच्या घरगुती हार्ड डिस्कच्या तबकडीवरून सलग वाचताना निघत होते सेकंदाला साधारण चाळीस-पन्नास एमबी. म्हणजे ६६ ची पट्टीच पुरून उरत होती. पण ६६ वर थांबलो असं जाहीर करणारी कंपनी अजून जन्माला यायची आहे.

२००३ च्या सुमारास बाजारात साटा आली. सेकंदाला दीड गिगाबिट. त्यात दर आठ बिटांमागे दोन बिट वाटखर्चाला जातात, म्हणून प्रत्यक्षात १५० एमबी. या साटाचा खरा फायदा कोणता झाला म्हणाल, तर वायर बारीक झाली. कॅबिनेटमध्ये वारा खेळू लागला, बोटं कापायची थांबली, आणि मागचा जम्पर ‘मास्टर’वर लावायचा की ‘स्लेव्ह’वर, यावरून मित्रांमध्ये होणारे वाद संपले. एवढ्यासाठीसुद्धा मी साटा घेतली असती. पण ‘वारा खेळतो’ ही गोष्ट कोटेशनमध्ये लिहिता येत नाही.

आता माल किती येतो ते बघू. साध्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा असलेला तुकडा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चारेक मिलिसेकंद. त्याआधी हेडला आपल्या जागेवरून उठून योग्य त्या रिंगणावर जाऊन स्थिरावायला आठ-नऊ. एकूण झाले बारा-तेरा. अशाने सेकंदाला फार तर सत्तर-ऐंशी तुकडे हाती लागतात. तुकडे चार-चार केबीचे आणि डिस्कभर विखुरलेले असतील, तर सेकंदाला येणारा एकूण माल होतो ३०० केबी. एमबी नव्हे, केबी. ३०० एमबीच्या वायरीतून ३०० केबी वाहतायत, म्हणजे हजारात एक भाग. बाकीची वायर कायम मोकळी.

तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूमपुढे उभे राहिलेल्यांना हे लगेच कळेल. जुना फेरफार हवा आहे. आत एकच शिपाई. तो उठणार, चष्मा शोधणार, शिडी सरकवणार, कापडात बांधलेलं दप्तर काढणार, गाठ सोडणार, एक कागद बाहेर आणून देणार आणि पुन्हा आत जाणार. लोकांनी तक्रार केली की काम फार हळू चालतं. वरून मंजुरी आली, आणि रेकॉर्ड रूमचं दार चार फुटांचं आठ फूट करण्यात आलं. फीत कापली गेली. पुढच्या वर्षी सोळा फूट. शिपाई आता त्या सोळा फुटी दारातून, मधोमध चालत, तोच एक कागद घेऊन येतो. उलट आता तो येताना लांबून दिसतो, त्यामुळे वाट पाहणं आणखी जड जातं.

यात हार्ड डिस्कचा दोष नाही. कॉम्प्युटरमधली बाकीची बहुतेक मंडळी जागेवर बसून विजेवर कामं करतात; हिला मात्र खरोखरचं अंग हलवावं लागतं. १९५६ मध्ये आयबीएमने जी पहिली हार्ड डिस्क काढली, ती दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्यांची होती. फेरे मिनिटाला १२०० आणि एक नोंद शोधायला सरासरी ६०० मिलिसेकंद. पुढच्या पन्नास वर्षांत साठवण लाखपटीहून जास्त वाढली. शोधायचा वेळ ६०० वरून बारा-तेरावर आला, म्हणजे पन्नासपटही नाही. आणि त्या बारा-तेरापैकी एक फेरा जरी धरला, तरी तेवढ्यात तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर अडीच कोटी ठोके मोजून बसलेला असतो. अडीच कोटी! एवढ्या वेळा घड्याळ बघायला लावलं तर माणूस संप पुकारेल.

पण माणसाला फरक ‘जाणवतो’. ही जाणीव अभ्यासण्यासारखी आहे. तीन गिगाबिटवाली साटा नवी होती, तेव्हा सीगेटच्या काही हार्ड डिस्क मागच्या बाजूला तांदळाएवढा एक जम्पर लावूनच यायच्या. तो असेपर्यंत डिस्क जुन्या दीड गिगाबिटच्या वेगानेच बोलायची, म्हणजे जुन्या मदरबोर्डांशी भांडण नको. ही बातमी फुटल्यावर घरोघरी चिमटे निघाले. कॅबिनेट उघडा, तो जम्पर उपटा, बंद करा, आणि चालू करून मागे टेकून बसा. ‘बघ, केवढा फरक पडला!’ डिस्क तीच, तबकडी तीच, फेरे तेच. सलग वाचतानाही ती सत्तर-ऐंशी एमबीच्या वर क्वचितच जाणारी, म्हणजे दीडशेची वायरसुद्धा तिला अर्धी रिकामीच पडत होती. पण स्वतःच्या हाताने जम्पर काढलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे मैत्री तोडणं.

त्याच्याकडे पुरावाही असे. वेग मोजण्याच्या प्रोग्राममध्ये ‘बर्स्ट रेट’ नावाचा एक आकडा असतो, तो जम्पर काढल्यावर खरोखरच उडी मारतो. कारण तो तबकडीचा वेग मोजतच नाही. डिस्कच्या अंगावरच्या आठ किंवा सोळा एमबीच्या कॅशमधून मोजतो. आठ एमबीची कॅश दीडशेच्या वेगाने रिकामी व्हायला ५३ मिलिसेकंद लागतात आणि तीनशेने २७. वाचले सव्वीस. पापणी लवायलासुद्धा याच्या कित्येक पट वेळ लागतो. तेव्हा आकड्यावर खिळलेली नजर एकदा लवली, की सगळी बचत त्यातच गेली.

साटाच्या त्या पहिल्या दिवसांत विंडोज एक्सपी बसवणं हा वेगळाच सोहळा असे. बायोसमध्ये एएचसीआय नावाची सुधारित पद्धत निवडली की एक्सपीला डिस्क दिसायचीच नाही. मग सुरुवातीलाच एफ सिक्स दाबायचं आणि ड्रायव्हरची फ्लॉपी घालायची. फ्लॉपी! घरात नव्याने आलेल्याची ओळख पटवायला वाड्यातल्या सगळ्यात वृद्ध भाडेकरूची चिठ्ठी हवी. ज्यांनी विंडोज आधी बसवून नंतर हौसेने बायोसमध्ये बदल केला, त्यांना निळी स्क्रीन दर्शन द्यायची, खाली शेवटी ७बी. आणि हे सगळं कशासाठी? तर डिस्कला एकदम बत्तीस मागण्या देता याव्यात आणि तिने आपल्या सोयीने त्यांचा क्रम लावावा, म्हणून. शंभर जण एकाच वेळी मागत असतात अशा सर्व्हरला त्याचा खरोखर उपयोग होता. घरी मागणारा एकटाच, तोही सॉलिटेअर खेळणारा.

खरी कासवगती कुठे होती, हे त्या काळातला प्रत्येक मशीनवाला जाणून होता. २५६ एमबी रॅमवर एक्सपी, त्यावर अँटिव्हायरस, त्यावर ब्राउझरच्या डोक्यावर चढलेले तीन टूलबार, आणि मशीन सुरू होताच उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी रांगेने येऊन बसणारी डझनभर चित्रं. रॅम संपली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर नेऊन ठेवायचं आणि लागेल तसं परत आणायचं. म्हणजे आपला शिपाई आता आतबाहेर दोन्हीकडे. वरच्या पैशांत आणखी एक रॅमची पट्टी घेतली असती तर घर सुखी झालं असतं. पण रॅम वाढवली म्हणून शेजाऱ्याला बोलावून दाखवायचं काय?

मग शिपाईच बदलला. २००८ मध्ये इंटेलची एक्स२५-एम आली, आणि पाठोपाठ बाकीच्यांच्या एसएसडी. तबकडी नाही, हेड नाही, फेरे नाहीत. बारा-तेरा मिलिसेकंदांचं काम एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर. गंमत अशी, की ही एक्स२५-एम त्याच जुन्या तीनशेच्या साटा वायरीवर बसत होती. दार इंचभरही रुंद केलेलं नव्हतं. मी पुढे अनेकांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवताना पाहिल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच लॅपटॉपना पुढे आलेली सहाशेची साटासुद्धा नव्हती. जो लॅपटॉप भंगारात द्यायचं ठरलं होतं, तो बटण दाबताच समोर उभा. आमच्या शेजारच्या काकूंना तो इतका वेगवान झालेला आवडला नाही. त्या बटण दाबून कुकर लावायला जात असत. आता परत येईपर्यंत स्क्रीन झोपलेली असायची. ‘हा पूर्वी थांबायचा तरी माझ्यासाठी,’ म्हणाल्या.

एसएसडी वाढल्या, तशी मात्र वायर खरोखरच भरली. ६०० एमबीच्या साटावर त्या साडेपाचशेच्या पुढे सरकेनात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दाराची तक्रार खरी निघाली होती. म्हणून एनव्हीएमई आलं: साटाला बाजूला ठेवून प्रोसेसरच्या थेट पीसीआय एक्सप्रेस रस्त्याला जोडलेली, च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एसएसडी. आधी साडेतीन हजार एमबी, मग सात हजार, आता चौदा हजार. साटाची एकच रांग बत्तीस मागण्यांची. इथे चौसष्ट हजारांच्या वर रांगा, आणि प्रत्येक रांगेत तितक्याच मागण्या. एवढ्या मागण्या घरात कोण करतं, हा प्रश्न मी भाच्याला विचारला.

माझा भाचा या विषयातला अधिकारी माणूस आहे. नोकरी वेगळीच करतो, पण अधिकार यात.

‘अरे मामा, तुझी साडेपाचशेवाली. माझी सात हजारवाली. बारा पट!’

‘तुझं विंडोज किती वेळात सुरू होतं?’

‘अकरा सेकंद.’

‘माझं बारा.’

तो थोडा वेळ गप्प बसला. ‘पण माझं स्मूथ सुरू होतं,’ म्हणाला.

बारा पटींचं एका सेकंदात रूपांतर कसं होतं? चौदा हजार हा आकडा येतो तो मोठी फाइल सलग, आणि एकदम बऱ्याच मागण्या टाकून वाचताना. विंडोज सुरू होताना, गेम उघडताना, ब्राउझर चालू करताना वाचल्या जातात त्या हजारो बारक्या फाइली, बहुतेकदा एकीमागून एक. तिथे मोजायला गेलं तर भारीतली भारी एसएसडीही सेकंदाला शंभर एमबीच्या आसपासच घोटाळते, कारण आतल्या चिपलाच एक तुकडा काढून द्यायला कित्येक मायक्रोसेकंद लागतात. ते बाहेरचा रस्ता रुंद केल्याने कमी होत नाहीत. शिवाय डेटा आल्यावर तो उलगडणं, तपासणं, मांडणं ही कामं प्रोसेसरची. म्हणजे इतकी वर्षं जो प्रोसेसर डिस्कची वाट बघत होता, त्याची आता डिस्क वाट बघते. सूड म्हणतात तो हाच असावा.

भाच्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. जे लोक ८के व्हिडिओ कापतात, रोज शेकडो जीबी इकडून तिकडे हलवतात, मोठमोठे डेटाबेस चालवतात, त्यांना हा वेग पैशापैशाला वसूल होतो. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये तर साडेपाच हजार एमबीची एसएसडी गृहीत धरून, डेटा उलगडण्यासाठी वेगळी यंत्रणा चिपमध्येच बसवली. म्हणजे तिथे दाराबरोबर आतलं ऑफिसही बदललं. विंडोजमध्ये तसंच करायचा प्रयत्न डायरेक्टस्टोरेज नावाने सुरू आहे. गेम तसे लिहिले जातील तेव्हा भाचा जिंकेल. तोपर्यंत तो स्क्रीनशॉट पाठवतो.

आणि एका ठिकाणी मात्र वायरीनेच आपल्याला वर्षानुवर्षं छळलं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बाहेरून लावायची हार्ड डिस्क. आतली डिस्क शंभर एमबी द्यायला तयार, पण यूएसबी २.० च्या तोंडातून बाहेर पडणार तीस-पस्तीस. पाचशे जीबीचा बॅकअप घ्यायला चार तासांच्या वर. यूएसबी ३.० आलं आणि तेच काम सव्वा-दीड तासावर आलं. इंटरफेस बदलल्याचा इतका रोकडा फायदा घरगुती माणसाला दुसरीकडे क्वचितच मिळाला असेल. त्याचं काय झालं? तर त्या यूएसबी ३.० चं नाव पुढे ३.१ जनरेशन एक ठेवलं, मग ३.२ जनरेशन एक. वेग तोच, पाच गिगाबिट. लॅमिंग्टन रोडचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला तेव्हा निदान पाटी तरी एकदाच बदलली. इकडे नवी डिस्क घेणारा माणूस अजूनही ती काळ्या जुन्या पोर्टमध्ये खुपसतो, शेजारी निळा पोर्ट रिकामा असतो, आणि मग म्हणतो, कंपनी पूर्वीची राहिली नाही.

नातेवाइकांपैकी कुणी ‘कोणती घेऊ?’ म्हणून विचारलं की मी आधी विचारतो, आत्ता कोणती आहे. साधी हार्ड डिस्क असेल तर कुठलीही बऱ्या कंपनीची एसएसडी घ्या, वायर कुठली ते विचारूसुद्धा नका. एसएसडी असेल आणि काम पत्रव्यवहार, बँक, सिनेमे एवढंच असेल, तर काहीच घेऊ नका. या दुसऱ्या उत्तराने माणसं फार नाराज होतात. पैसे वाचवायला त्यांनी फोन केलेला नसतो.

भाच्याने मला विचारलं नाही. त्याने परवा चौदा हजारवाली आणली. एवढा वेग असला की ती तापते, म्हणून तिच्या डोक्यावर हीटसिंक, आणि हीटसिंकवर इवलासा पंखा. हार्ड डिस्क गेल्यामुळे फिरणारं काही उरलं नाही अशी चुटपुट ज्यांना लागली होती, त्यांची सोय झाली. बसवल्या बसवल्या आकड्यांचा फोटो आला. चौदा हजार दोनशे. मी अंगठा पाठवला. अर्ध्या तासाने फोन.

‘मामा, दोन टीबी आहे. टाकू काय यावर?’

‘ताईच्या लग्नाचे व्हिडिओ टाक. फोटोग्राफरने पेनड्राइव्ह दिलाय ना?’

‘तेच लावलेत,’ तो म्हणाला. ‘पेनड्राइव्ह वीसच्या स्पीडने देतोय. पन्नास मिनिटं दाखवतंय अजून.’